भांडे, नळ, छत्री, डबा: साधी आणि टिकाऊ वस्तू पारखण्याचा क्रम

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात कढई घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा आधी किंमत विचारते, मग आतली चकाकी पाहते, काठावर एक टिचकी मारून आवाज ऐकते आणि वस्तू पिशवीत टाकते. वर्षभराने कढईचा कान हलू लागतो, तेव्हा दोष कंपनीला किंवा नशिबाला दिला जातो. पण तो कान कढईला कसा जोडला आहे, हे घेताना कोणी पाहिलेलेच नसते.

साध्या आणि टिकाऊ बनावटीची जाण ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, असा समज असल्यामुळे ती शिकण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. प्रत्यक्षात ती बव्हंशी हाताने करायची तपासणी आहे आणि तिला क्रम आहे. हा क्रम उलटा लागला, म्हणजे किंमत आणि रूप आधी पाहिले, की मन ठरून जाते आणि पुढची तपासणी केवळ उपचारापुरती उरते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले तीन घरी करायचे आहेत, मधले पाच दुकानात आणि शेवटचा पुन्हा घरी.

## तयारी: सोबत काय न्यावे

एक छोटा लोहचुंबक, पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एक लिटर पाण्याची भरलेली बाटली आणि एक वही पुरेशी आहे. उजेडासाठी मोबाइल असतोच. पाण्याची बाटली हे आपले वजनाचे माप आहे, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि रिकाम्या भांड्यात ती ठेवली की भरलेल्या भांड्याचा तोल दुकानातच कळतो. शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जावे; सणाच्या आधीच्या संध्याकाळी कोणताही दुकानदार तुम्हाला दहा मिनिटे कढई उलटीपालटी करू देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

## टप्पा १: मोडलेल्या वस्तूंचे कारण शोधा

नवी वस्तू घेण्यापूर्वी घरातल्या मोडक्या वस्तू एकत्र कराव्यात. माळ्यावर, सिंकखालच्या कपाटात आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात त्या सापडतातच. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहावा: सर्वांत आधी काय निकामी झाले? उत्तरासाठी चार रकाने पुरतात: सांधा सुटला, साहित्य गंजले किंवा झिजले, सुटा भाग मिळाला नाही, वापर चुकला.

माझ्या घरी ही यादी केली तेव्हा पहिला रकाना सर्वांत आधी भरला. प्लास्टिकच्या डब्याचे झाकण शाबूत होते, त्याची कडी तुटली होती. बादली चांगली होती, तिची दांडी निखळली होती. कपडे वाळत घालायच्या स्टँडचे ॲल्युमिनियमचे पाइप नव्यासारखे होते, पण त्यांना धरणारे लोखंडी स्क्रू गंजून पाइपाची भोके मोठी झाली होती. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक लवकर कुरतडला जातो. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते. कोपरी, कळवा किंवा ऐरोलीच्या खाडीकडच्या इमारतींत राहणाऱ्यांनी हा रकाना विशेष लक्षपूर्वक भरावा.

सावधान: ‘स्वस्त होती म्हणून मोडली’ हे कारण लिहू नये. वस्तू नेहमी कुठल्यातरी एका जागी मोडते. ती जागा लिहावी, किंमत लिहू नये.

## टप्पा २: टिकलेल्या वस्तूला प्रश्न विचारा

आता घरातली सर्वांत जुनी, पण आजही रोज वापरात असलेली वस्तू समोर ठेवावी. शोभेच्या कपाटातले पितळेचे तांब्याभांडे चालणार नाही. वापर नसेल तर टिकण्याला काही अर्थ नाही.

बहुतेक मराठी घरांत या परीक्षेला पोळपाट उतरतो. त्याला पाय किती असतात, हे न पाहता सांगून पाहावे. जुन्या पद्धतीच्या पोळपाटाला तीन पाय असतात, आणि त्याला कारण आहे. ओटा किंवा फरशी कितीही उंचसखल असली तरी तीन टेकू एकाच वेळी टेकतात. चौथा आला की एक अधांतरी राहू शकतो आणि लाटताना पोळपाट डुगडुगतो. तीनच पायांमुळे लाकूड वाचते, डुगडुग थांबते आणि खालून पुसायलाही जागा मिळते. एका निर्णयात तीन कामे होतात, तिथे बनावट साधी आहे असे समजावे. वस्तूवर नक्षी नाही, एवढ्यावरून तिला साधी म्हणणे ही या विषयातली नेहमीची गफलत आहे.

वहीत पुढचे प्रश्न लिहून प्रत्येकाचे उत्तर वस्तू हातात घेऊन द्यावे. ती रिकामी उचलताना कशी वाटते आणि भरलेली कशी? ओतताना धार कुठून पडते? घासताना बोट कुठे पोचत नाही? पडली तर कोणत्या भागावर पडते? मोडली तर कोण दुरुस्त करतो? अगदीच निकामी झाली तर मोडीत काय येते? चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारसाठी केलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याविषयी अशाच धाटणीचे प्रश्न मांडले होते. त्यांत मोडीच्या किमतीचाही विचार होता, हे मला फार व्यवहारी वाटते.

तपासणी: किमान चार प्रश्नांची उत्तरे ‘चांगली’ या शब्दाविना लिहिता आली पाहिजेत. येत नसतील तर वस्तू अजून नीट पाहिलेली नाही.

## टप्पा ३: वस्तूचे नाव न लिहिता काम लिहा

‘कढई घ्यायची आहे’ असे लिहू नये. ‘चार माणसांची भाजी, आठवड्यातून पाच वेळा, बऱ्याचदा चिंच-टोमॅटो घालून, एका हाताने उचलून वाढायची’ असे लिहावे. नावाने गेलात तर दुकानदार जे समोर ठेवील त्यांतून निवड होते. काम लिहिले की निम्मे पर्याय घरीच गळतात: आंबट पदार्थ असल्यामुळे साधे ॲल्युमिनियम बाद, एका हाताने उचलायचे असल्यामुळे दोन किलोची बिडाची कढई बाद.

छत्रीचेही तसेच. ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि स्टेशनच्या पुलावर वारा आडवा लागतो. बॅगेत मावणारी तीन घड्यांची छत्री आणि लांब दांड्याची छत्री यांत सांध्यांचा मोठा फरक आहे: घड्या वाढल्या की प्रत्येक काडीतले रिव्हेट, म्हणजे दोन भाग जोडणारे ठोकलेले खिळे, वाढतात, आणि प्रत्येक रिव्हेट ही मोडण्याची एक जागा असते. लोकलच्या गर्दीत लांब छत्री जड जाते हे खरे. मग निदान घड्यांची छत्री घेताना आपण सोय घेतो आहोत, टिकाऊपणा घेत नाही, हे समजून घ्यावे.

## टप्पा ४: साहित्य ओळखा

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

स्टील आणि चुंबक. ‘चुंबक चिकटला नाही, म्हणजे स्टील चांगले’ ही समजूत घरोघरी आहे आणि ती अपुरी आहे. भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे ढोबळ तीन प्रकार बाजारात भेटतात. ३०४ प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. त्यालाच १८/८ म्हणतात. २०० मालिकेतल्या प्रकारांत निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वापरलेले असते. हे स्टील स्वस्त पडते, पण मीठ, आंबट आणि ओलावा यांपुढे ३०४ इतके टिकत नाही. तिसरे ४३०, ज्यात जवळजवळ निकेल नसते. आता गंमत अशी, की ३०४ आणि २०० मालिका या दोघांनाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ४३० ला चिकटतो. म्हणजे ज्या दोहोंतला फरक आपल्याला हवा असतो, तोच चुंबक सांगत नाही. त्यातच ३०४ चा पत्रा दाबून भांडे घडवताना कोपऱ्यांवर त्याला थोडे चुंबकत्व येऊ शकते, त्यामुळे चांगले भांडे परत ठेवले जाते.

मग चुंबकाचा उपयोग काय? तो तळाला लावावा. चिकटला तर भांडे इंडक्शन शेगडीवर चालण्याजोगे आहे, एवढेच त्यावरून समजते. दर्जासाठी भांड्यावरची कोरलेली खूण पाहावी, बिलावर ‘३०४’ लिहून घ्यावे आणि लिहून देण्यास दुकानदार का-कू करत असेल तर तेच उत्तर समजावे. सगळ्या वस्तूंसाठी ३०४ चा हट्टही नको. कोरड्या डाळीचा डबा २०० मालिकेचा असला तरी वर्षानुवर्षे टिकतो. ताक, आमटी, लोणचे आणि सिंक यांसाठी मात्र पैसे वाचवू नयेत.

पत्र्याची जाडी. भांडेबाजारात जाडी ‘गेज’मध्ये सांगतात, आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ असतो. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, तर २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर. ‘साहेब, पूर्ण चोवीस गेजचं आहे’ हे वाक्य ऐकून अनेकजण खूश होऊन पातेले घेतात. आकडा विसरला तरी चालेल. दोन्ही अंगठ्यांनी पातेल्याचा काठ समोरासमोर दाबावा. रोजच्या स्वयंपाकाच्या पातेल्याचा काठ अंगठ्याच्या जोराने आत येऊ नये, आणि काठ दुमडून गोल केलेला असावा.

नळाचे पितळ. मुलामा दिलेला प्रत्येक नळ सारखाच चकाकतो. म्हणून नळ उलटा करून पाइपला जोडल्या जाणाऱ्या तोंडाच्या आत उजेड टाकावा. तिथे मुलामा नसतो किंवा विरळ असतो. पितळ असेल तर आत पिवळेपणा दिसतो. करडा, निर्जीव रंग दिसला आणि आकाराच्या मानाने नळ हलका लागला, तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा असण्याचा संभव असतो आणि अशा नळाचे आटे बसवताना पान्याच्या जोराने तुटू शकतात.

लोखंडी तवा. पत्र्याचा लोखंडी तवा आणि बिडाचा तवा यांत गोंधळ करू नये. बीड उष्णता धरून ठेवते, म्हणून घावन-डोशाला उत्तम. पण ते ठिसूळ असते, हातातून पडले किंवा तापलेले असताना त्यावर गार पाणी ओतले तर तडा जातो. भाकरीसाठी, आणि घरात उचल-ठेव अधिक असेल तर, पत्र्याचाच बरा.

प्लास्टिकचा डबा. तळाच्या त्रिकोणातला आकडा वाचावा. गरम डब्यासाठी ५, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, हा सोयीचा. पाण्याच्या बाटल्यांवर दिसणारा १ आकडा असलेले भांडे गरम पदार्थासाठी वापरू नये.

तपासणी: या टप्प्याअखेर वस्तूतले प्रत्येक साहित्य तुम्हाला नावाने सांगता आले पाहिजे. ‘काहीतरी धातू’ असे उत्तर आले तर वस्तू खाली ठेवावी.

## टप्पा ५: सांधे पाहा

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. वस्तूत जिथे दोन भाग एकत्र येतात, त्या प्रत्येक जागेवर बोट ठेवून त्या जागा मोजाव्यात. तेच काम करणाऱ्या दोन वस्तूंपैकी जिच्यात सांधे कमी, ती सामान्यतः जास्त टिकते.

कढई-पातेल्याचे कान दोन रीतींनी जोडलेले असतात. पहिली रीत रिव्हेटची: भांड्याच्या आत दोन किंवा तीन गोल डोकी दिसतात. दुसरी स्पॉट वेल्डिंगची: आत डोके नसते, फक्त बारीक गोल ठिपके दिसतात. रिव्हेटभोवती तेलकट काळे साचते आणि ते घासावे लागते, ही त्याची खरी अडचण आहे; पण रिव्हेट सैल झाला तर भांडी दुरुस्त करणारा तो ठोकून किंवा बदलून देतो. वेल्डिंगचा भाग आतून स्वच्छ राहतो, मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने स्टीलवरचा गंजरोधक थर त्या जागी बिघडलेला असतो, आणि कारखान्यात तो नीट साफ केला नसेल तर गंजाची पहिली तांबूस वर्तुळे तिथेच उमटतात. जड भांड्याला रिव्हेट, हलक्या डब्याला वेल्डिंग, असा माझा कौल आहे. ठिपके दोनच असतील आणि कान मोठा असेल तर ते भांडे घेऊ नये.

तपासण्याची रीत अशी: भांड्यात पाण्याची बाटली ठेवावी, एकाच कानाला धरून भांडे उचलावे आणि मनगट हळूच डावी-उजवीकडे फिरवावे. कान आणि भांडे एकत्र फिरले पाहिजेत. बारीकशी ‘टक’ ऐकू आली तरी सांधा आजच सैल आहे. भाजी भरल्यावर तो सुधारणार नाही.

स्टीलच्या भांड्याला खाली ॲल्युमिनियमची चकती लावलेली असेल तर ती चकती आणि भांडे यांच्यामधल्या रेषेवरून नख फिरवावे. रेषा सर्वत्र सारखी लागावी. रिकामे भांडे गॅसवर विसरून मग नळाखाली धरले, की ही चकती सुटण्याची भीती असते. तीन थरांच्या, म्हणजे ‘ट्रायप्लाय’, भांड्यात थर काठापर्यंत गेलेले असतात. काठाची कड उजेडात पाहिली तर मधला थर पुष्कळदा रेषेसारखा दिसतो. केवळ तळाला थर असलेले भांडे ‘ट्रायप्लाय’ म्हणून गळ्यात मारले जाते, तेव्हा ही एक नजर उपयोगी पडते.

छत्री दुकानातच पाच वेळा उघडून मिटावी. दांड्यावरची सरकती नळी अडकते का, काड्यांची टोके कापडाला शिवलेली आहेत की नुसती टोपणात खोचलेली आहेत, हे पाहावे. शिवलेले टोक सुटले तर छत्रीवाला पाच मिनिटांत टाका घालतो.

विळीचे पाते पाटाला कसे बसवले आहे, तेही असेच पाहावे. पाते काढून धार लावता येत असेल तर विळी पिढी दोन पिढ्या चालते. ते कायमचे जखडलेले असेल तर धार लावणाऱ्याला अख्खा पाट सांभाळत काम करावे लागते. घडीची विळी घेतलीच तर बिजागरीचा खिळा जाड आणि घट्ट आहे ना, ते उघडझाप करून पाहावे. पाते उभे असताना आडव्या बाजूला जरा जरी हलले, तर ती विळी नारळ खोवताना हाताला धोका आहे.

सावधान: सांध्यावर रंग, स्टिकर किंवा प्लास्टिकचे आवरण असेल तर आतला सांधा दिसत नाही. आवरण काढून दाखवण्याची विनंती करावी. मिळाले नाही, तर दुसरा नमुना पाहावा.

## टप्पा ६: घासता येते का, हे पाहा

लहान टप्पा आहे, पण गाळू नये. तर्जनी वस्तूच्या प्रत्येक कोपऱ्यात फिरवावी. जिथे बोट पोचत नाही तिथे घासणी पोचणार नाही, आणि जिथे घासणी पोचत नाही तिथे पावसाळ्यात बुरशी धरते. झाकणातली रबरी रिंग बाहेर निघते का? बाटलीच्या तोंडातून मूठ किंवा निदान ब्रश जातो का? डब्याच्या झाकणाच्या आतल्या खाचेत पाणी अडून राहते का? शेवटच्या प्रश्नासाठी झाकणावर बाटलीतले थोडे पाणी ओतून ते उलटे धरावे. खाचेत पाणी उरले तर ते रोजच उरणार.

## टप्पा ७: उघडता आणि दुरुस्त करता येते का, हे विचारा

कोणताही भाग कधीतरी झिजणारच. चांगल्या बनावटीत झिजणारा भाग स्वस्त, सुटा आणि सहज बदलता येणारा ठेवलेला असतो.

मिक्सरचे कपलर, म्हणजे भांडे मोटरला जोडणारा भाग, हे याचे ठळक उदाहरण आहे. भांडे अडकले की हा छोटा भाग आधी तुटतो आणि मोटर वाचते. तो तुटतो म्हणून मिक्सरला नावे ठेवणारे लोक नेमका उलटा निष्कर्ष काढतात. मोटरमधले कार्बन ब्रशही असेच झिजण्यासाठीच असतात. म्हणून मिक्सर घेताना किती वॅटचा, हे विचारण्याआधी मिक्सर उलटा करून खालचे स्क्रू साध्या पेचकसाने उघडतील असे आहेत का, ओव्हरलोडचे बटण आहे का आणि कपलर बाजारात सुटे मिळते का, हे पाहावे.

कुकरमध्ये रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे तीन भाग बदलण्याचे. कुकर कोरडा पडून तापला की सेफ्टी व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. तो एकदा वितळला की व्हॉल्व्ह बदलावाच लागतो, आणि तो त्याच कंपनीचा हवा. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तिथल्या तिथे पडताळता येतो. चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, असा कुकर घेऊ नये.

नळाच्या बाबतीत पाणी पाहून निर्णय करावा. पाव फेऱ्यात उघडणारा सिरॅमिकच्या चकत्यांचा नळ हाताळायला सुखद असतो, पण ज्या संकुलांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते, तिथे त्यातली बारीक वाळू चकत्यांना चरे पाडते आणि मग पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांसह आतला अख्खा भाग, बदलावे लागते, तेही त्याच मॉडेलचे. जुन्या पद्धतीच्या, फिरवून बंद होणाऱ्या नळात रबरी वायसर असतो. तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो आणि घरच्या घरी बसवता येतो. घोडबंदर रोडच्या एका इमारतीत राहणाऱ्या माझ्या मावशीने सगळे नळ पाव फेऱ्याचे बसवले, आणि दोन वर्षांत धुण्याच्या जागेचा नळ पुन्हा वायसरचा करून घेतला.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा: “काका, याची रिंग सुटी मिळते का? आत्ता तुमच्याकडे आहे का?” प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. ‘मिळते की, कंपनीकडून मागवू’ हे उत्तर नकार म्हणूनच लिहून घ्यावे.

## टप्पा ८: आता किंमत आणि रूप पाहा

इथवर दोन किंवा तीनच वस्तू उरलेल्या असतात. किमतीत बदलायच्या भागांचा खर्च मिळवावा आणि मग अपेक्षित वर्षांनी भागावे. पितळ आणि तांबे अजूनही वजनावर विकले जाते व मोडीतही वजनावर जाते. तेव्हा त्यांच्या किमतीतून मोडीचा अंदाज वजा करणे रास्त आहे.

रूपाचा विचार निषिद्ध नाही. रोज समोर असणारी वस्तू डोळ्यांना नकोशी असेल तर ती चांगली असूनही माळ्यावर जाते, हेही मी पाहिले आहे.

सावधान: महाग म्हणजे टिकाऊ, हा हिशेब करू नये. जास्तीचे पैसे कुठल्या भागात गेले, ते बोटाने दाखवता आले पाहिजे.

## टप्पा ९: घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस

वस्तू बदलून मिळण्याची मुदत बिलावर पाहून ती वहीत लिहावी आणि त्या मुदतीतच वस्तू पूर्ण कामाला लावावी. चांगली म्हणून जपून ठेवलेली वस्तू मुदत संपल्यावर पहिल्यांदा वापरली जाते आणि दोष तेव्हा उघड होतो.

१. लोखंडी तवा किंवा कढई: कारखान्यातले तेल साबणाने घासून काढावे, गॅसवर पूर्ण कोरडी करावी, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावी आणि गार होऊ द्यावी. हे तीन-चार वेळा करावे. नेहमीची चूक जाड तेल लावण्याची. त्याने चिकट थर बसतो आणि मग तो खरवडावा लागतो. पावसाळ्यात वापरानंतर पुसून भागत नाही, मिनिटभर गॅसवर धरावी.

२. पितळेचे पातेले: कल्हई असल्याशिवाय त्यात आंबट शिजवू नये. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. म्हणून रिकामे पातेले गॅसवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये. आतून पिवळे डाग डोकावू लागले की कल्हईवाला गाठावा.

३. स्टीलचे भांडे: मीठ गार पाण्यात टाकून तसेच सोडू नये, तळाशी बसलेल्या खड्यांखाली स्टीलला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे. मीठ साठवायला चिनी मातीची बरणीच ठेवावी.

४. नळ: पहिल्या आठवड्यात तोंडाची जाळी उघडून पाहावी. नव्या पाइपांतला कचरा आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे तिथे अडकलेले असतात, आणि ‘नवा नळ बारीक धार देतो’ ही तक्रार बहुतेक वेळा तेवढ्याने मिटते.

५. छत्री: ओली मिटून पिशवीत ठेवू नये. अर्धी उघडून, दांडा वर करून पाणी निथळू द्यावे.

पंधराव्या दिवशी टप्पा ५ ची मनगटाची परीक्षा पुन्हा करावी, या वेळी भांड्यात बाटलीऐवजी प्रत्यक्ष आमटी असताना. कान हलला तर तो घरी ठोकून घट्ट करण्याचा मोह टाळावा, कारण ठोकल्याच्या खुणा असलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही. सैल सांध्याचा छोटा व्हिडिओ काढावा, आवाज त्यात ऐकू येईल असा, आणि भांडे स्वच्छ घासून बिलासह दुपारच्या मोकळ्या वेळी घेऊन जावे.